मल्हाररावांना गादीवरून उतरवले ते नेमके कशासाठी?

बडोदेकर (धागालेखक)

गेल्या आठवड्यात दांडिया बाजारात एका आप्तांकडे जेवणे आटोपल्यावर यजमानांनी पपनस सोलायला घेतले. त्याची जाड साल काढून, आतला पांढरा कडवट पापुद्रा हलक्या हाताने सोडवून गुलाबी पाकळ्या मोकळ्या करायला बराच वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात आमच्या घरांत हमखास निघणारा विषय निघालाच: बडोद्याचे महाराज मल्हारराव गायकवाड यांनी रेसिडेंट साहेबाला, म्हणजे दरबारातील इंग्रज सरकारच्या प्रतिनिधीला, याच फळाच्या सरबतातून सोमल हे विष आणि हिऱ्याची पूड दिली होती. यजमानांच्या बारावीत शिकणाऱ्या नातीने विचारले, "मग तो गुन्हा सिद्ध झाला का?" खोलीत आम्ही सहा ज्येष्ठ होतो. दोघे म्हणाले "झाला", तिघे म्हणाले "नाही झाला", आणि एकाने "पुढे सयाजीराव आले ना, मग बरेच झाले" असे म्हणून विषय संपवला. तो तसा संपू नये असे मला मनापासून वाटते, म्हणून हा धागा काढत आहे.

माझे म्हणणे आधीच स्पष्ट सांगतो. मल्हाररावांचा कारभार वाईट होता आणि तो वाईट असल्याचे चौकशीत दिसून आले होते. विषप्रयोगाचा आरोप मात्र सिद्ध झाला नाही. त्यांना पकडले ते आरोपासाठी आणि उतरवले ते कारभारासाठी. या अदलाबदलीत सर्वांत मोठे नुकसान झाले ते ज्यांच्या तक्रारींवरून हे सारे सुरू झाले त्या रयतेचे, कारण तिची कैफियत सरबताच्या पेल्याखाली कायमची झाकली गेली.

आता क्रम पाहू. नोव्हेंबर १८७० मध्ये खंडेराव महाराज वारले आणि त्यांच्याच हुकमाने पाद्रा या गावी कैदेत असलेले धाकटे बंधू मल्हारराव गादीवर आले. खंडेरावांच्या काळात जमिनीची मोजणी होऊन रोख आकार (शेतसारा) ठरला होता, पण तो ठरला अमेरिकेतील यादवी युद्धाच्या दिवसांत, म्हणजे १८६१ ते १८६५ या काळात, जेव्हा तिकडचा कापूस बंद पडल्यामुळे गुजरातच्या कापसाला कधी नव्हे असा भाव मिळत होता. युद्ध संपले, भाव कोसळला, आकार मात्र तसाच राहिला. त्यावर मल्हाररावांनी गादीवर बसल्याचा नजराणा रयतेवर बसवला, नोकऱ्या नजराणा घेऊन दिल्या, आणि ज्याने नजराणा भरून जागा मिळवली तो अंमलदार तो पैसा गावातूनच वसूल करणार हे उघड होते. वसुलीसाठी माणसांचा छळ होत असे. पेढीवाल्या सावकारांना आणि खंडेरावांच्या जुन्या मानकऱ्यांना नागवले गेले. त्याच राजवटीत खंडेरावांच्या चांदीच्या तोफांच्या जोडीला सोन्याच्या तोफा ओतल्या गेल्या. त्या तोफांचे कौतुक आपण पाहुण्यांना आजही ऐकवतो. त्यांतले सोने कोणत्या वसुलीचे, हे विचारायचे मात्र राहून जाते.

मार्च १८७३ मध्ये कर्नल रॉबर्ट फेअर रेसिडेंट म्हणून आले. सिंधच्या सरहद्दीवर वरिष्ठांशी बेबनाव होऊन ते तेथून निघाले होते. त्यांनी तक्रारींचा पाऊस पाडला आणि वर्षअखेरीस कर्नल मीड यांच्या अध्यक्षतेखाली कमिशन बसले. त्या कमिशनपुढे शेतकरी आले, सावकार आले, पदच्युत सरदार आले, आणि बऱ्याच तक्रारींत तथ्य आढळले. त्यावर २५ जुलै १८७४ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक यांनी महाराजांना लेखी ताकीद दिली की ३१ डिसेंबर १८७५ पर्यंत कारभार सुधारा, नाहीतर गादी जाईल. सतरा महिन्यांची ही मुदत होती आणि ती सरकारने स्वतः दिली होती, ही गोष्ट कृपया ध्यानात ठेवावी.

महाराजांनी दादाभाई नौरोजींना दिवाण केले. फेअर यांनी या नेमणुकीला पहिल्या दिवसापासून विरोध केला. २ नोव्हेंबरला महाराजांनी व्हाइसरॉयला खलिता पाठवून दुसरा रेसिडेंट मागितला. ९ नोव्हेंबरला सकाळी फेरफटका मारून आल्यावर फेअर यांनी रोजच्याप्रमाणे ठेवलेल्या सरबताचा घोट घेतला, त्यांना मळमळू लागले, त्यांनी पेला खिडकीबाहेर रिकामा केला आणि तळाशी गाळ दिसला. इकडे २५ नोव्हेंबरला सरकारने फेअर यांच्या जागी सर लुई पेली यांना पाठवायचे ठरवले, म्हणजे महाराजांची मागणी मान्यच झाली. तरीही १४ जानेवारी १८७५ रोजी महाराजांना अटक झाली आणि सतरा महिन्यांची मुदत सहा महिनेही चालली नाही.

२३ फेब्रुवारीपासून नवे कमिशन बसले. त्यात तीन इंग्रज होते आणि तीन हिंदी. इंग्रजांनी दोषी ठरवले, हिंदी सभासदांनी ठरवले नाही. तीन विरुद्ध तीन. एप्रिलमध्ये जाहीरनामा निघाला आणि त्यात सरकारने स्वच्छ लिहिले की आमचा निर्णय या चौकशीवर आधारलेला नाही आणि आरोप खरा ठरला असे आम्ही गृहीत धरलेले नाही, परंतु गैरवर्तन, अंदाधुंद कारभार आणि सुधारणा करण्याची असमर्थता या कारणांसाठी मल्हारराव यांना पदच्युत करण्यात येत आहे. त्यांना मद्रासेस नेले आणि तेथेच १८८२ मध्ये ते वारले.

कारभार हेच कारण होते, तर दिलेली मुदत का पाळली नाही? आणि मुदत मोडण्याचे कारण विषप्रयोग होते, तर तो सिद्ध न झाल्यावर मुदत पुन्हा का सुरू केली नाही? मी उभी हयात महसुली हिशेबात घालवली आहे. एका खात्यावर पैसे उचलायचे आणि खर्च दुसऱ्या खात्यावर टाकायचा, हा व्यवहार माझ्या डोळ्यांना लगेच दिसतो.

रावपुरेकर

धागा वाचला आणि थोडी अस्वस्थ झाले. मल्हाररावांवर अन्याय झाला असे म्हणताना त्यांनी काय केले याची यादी आपण फार लवकर उरकली आहे. मीड कमिशनपुढे आलेल्या तक्रारींत शहरातील प्रतिष्ठित घरांतल्या स्त्रियांना जबरीने राजवाड्यात नेऊन लवंड्या (दासी) केल्याच्या तक्रारी होत्या आणि कमिशनने त्या खऱ्या धरल्या. खंडेरावांचे कारभारी भाऊ शिंदे कैदेत मेले. ज्या घरातली सून अशी उचलून नेली गेली, त्या घराला एप्रिल १८७५ चा जाहीरनामा कोणत्या कलमाखाली निघाला याने काय फरक पडला असेल?

आपण म्हणता मुदत पाळायला हवी होती. त्या वाढीव महिन्यांत आणखी किती घरे नागवली गेली असती, याचाही हिशेब मांडावा. माझ्या आजेसासूबाई खंडेरावांच्या विधवा राणी जमनाबाईंचे नाव आदराने घेत आणि मल्हाररावांचे नाव निघाले की उठून आत जात. त्या वयाने त्या काळाच्या साक्षीदार नव्हत्या, पण त्यांच्या आजीने पाहिले होते.

बडोदेकर (धागालेखक)

रावपुरेकर ताई, आपला आक्षेप मी पूर्णपणे मान्य करतो आणि स्त्रियांविषयीची गोष्ट मी लिहायला हवी होती. ती राहिली ही माझी चूक आहे.

पण आपल्याच उदाहरणावरून मला जे म्हणायचे आहे ते अधिक ठळक होते. त्या घरांच्या तक्रारी १८७३ मध्ये नोंदल्या गेल्या. महाराजांना उतरवण्यास तेवढे कारण पुरेसे होते आणि त्या कारणासाठी त्यांना उतरवले असते तर आज बडोद्यातले मूलदेखील सांगू शकले असते की या शहरात एक राजा रयतेला छळल्यामुळे गादीवरून गेला. आज ते मूल काय सांगते? पपनस, सोमल आणि हिरे. त्या स्त्रियांचा उल्लेख कुणाच्याही तोंडी येत नाही. माझ्याही आला नाही.

निवृत्त वकील

पुराव्यापुरते लिहितो, कारण त्या खटल्याच्या छापील साक्षी मी एकेकाळी बारकाईने वाचल्या आहेत.

सरकारपक्षाचे मुख्य साक्षीदार होते रेसिडेन्सीतील हवालदार रावजी, जमादार नरसू आणि महाराजांचे खाजगी कारभारी दामोदरपंत. रावजीने सांगितले की पूड मी पेल्यात टाकली. नरसूने सांगितले की पुडी माझ्या हातून गेली. दामोदरपंतांनी सांगितले की सोमल आणि हिरे मी मिळवून दिले. तिघेही स्वतःच्या कबुलीप्रमाणे कटातले भागीदार होते, म्हणजे एका भागीदाराला दुसऱ्या भागीदाराचाच दुजोरा होता. रावजीला माफीचे आश्वासन मिळाले होते. दामोदरपंत बराच काळ कोठडीत होते आणि माफी मिळते असे दिसल्यावर बोलले. नरसूने पहाऱ्यात असताना विहिरीत उडी घेतली. सोमलाची एक पुडी रावजीच्या पट्ट्यातून निघाली ती घटनेनंतर कित्येक आठवड्यांनी, मुंबईहून आलेल्या पोलिसांच्या तपासात. महाराजांच्या बाजूने उभे राहिलेले इंग्लंडचे नामांकित वकील सार्जंट बॅलेंटाइन यांनी याच जागांवर घाव घातले, आणि कोणत्याही फौजदारी वकिलाने तेच केले असते.

आणखी एक मुद्दा. विषात सोमल, हिऱ्याची पूड आणि तांबे असल्याची गुप्त खबर आपल्याला मिळाल्याचे खुद्द फेअर यांनी घटनेनंतर काही दिवसांतच कळवले होते. खबर देणारा मनुष्य त्यांच्या विश्वासातला आणि महाराजांच्या विरोधकांतला होता. विषातील जिनसांची इतकी नेमकी माहिती कटाबाहेरच्या माणसाकडे कशी आली, याचे समाधानकारक उत्तर मला त्या साक्षींत सापडले नाही.

मी महाराजांना निर्दोष म्हणत नाही. शंका भरपूर आहे. रेसिडेन्सीतील नोकर रात्री गुपचूप राजवाड्यावर जात आणि पैसे घेत, हे बऱ्यापैकी सिद्ध झाले होते. पण रेसिडेंटच्या बंगल्यातल्या बातम्या विकत घेणे हा त्या काळी सर्वच दरबारांचा रिवाज होता. "सिद्ध झाले नाही" आणि "केले नाही" यांत अंतर आहे. हिंदी सभासदांनी ते नीट ओळखले होते.

ग्वाल्हेरकर

या धाग्यावर आमच्या गावाचा उल्लेख अजून झाला नाही म्हणून लिहितो. तीन हिंदी सभासदांपैकी दोन ग्वाल्हेरचे होते: महाराज जयाजीराव शिंदे आणि सर दिनकरराव राजवाडे, जे १८५७ च्या आधीपासून ग्वाल्हेरचे दिवाण होते. तिसरे जयपूरचे महाराज रामसिंह.

ही निवड इंग्रजांनी केली होती आणि ती फार विचारपूर्वक केली होती. जयाजीराव आणि दिनकरराव हे दोघेही सत्तावनच्या धामधुमीत कंपनी सरकारच्या बाजूने ठामपणे उभे राहिलेले. सरकारशी यांच्याहून अधिक एकनिष्ठ माणसे हिंदुस्थानात शोधून सापडली नसती. अशा माणसांनी दोषी ठरवले की कुणाला बोलायला जागा उरणार नाही, असा तो हिशेब होता. आणि हीच माणसे म्हणाली की सिद्ध झाले नाही.

त्या वेळी ग्वाल्हेरचा किल्ला इंग्रज फौजेच्या ताब्यात होता. शिंद्यांना तो परत मिळाला १८८६ मध्ये. म्हणजे जयाजीराव रोज सकाळी आपल्या राजवाड्यातून आपल्याच किल्ल्यावर दुसऱ्याचे निशाण पाहत होते आणि ते निशाण उतरवणे ज्यांच्या मर्जीवर होते त्यांच्या विरुद्ध त्यांनी मत नोंदवले. सत्तावनमधील त्यांच्या भूमिकेबद्दल आमच्याकडे आजही कडवटपणे बोलले जाते आणि बोलणाऱ्यांची कारणे आहेत. पण १८७५ मधले हे मत त्यांच्या खात्यावर जमा धरलेच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

उलट बाजूला पाहा. सर रिचर्ड कौच बंगालचे मुख्य न्यायाधीश होते, ते ठीक. पण मीड यांनी १८७३ ची चौकशी केली होती आणि महाराजांविषयी त्यांचे मत आधीच लेखी होते. तिसरे मेलव्हिल. पुढे मीड आणि मेलव्हिल हे दोघेही बडोद्यातच सरकारचे प्रतिनिधी म्हणून राहिले.

अलकापुरीतील वाचक

आर्थिक बाजूवर एक भर घालतो, कारण मी वाणिज्य शाखेत हाच काळ शिकवत आलो आहे.

बडोद्याचे प्रकरण लंडन आणि कलकत्ता येथील ज्या दोन माणसांच्या मध्ये सापडले होते, ते दोघे एकमेकांच्या विरुद्ध पक्षांचे होते. नॉर्थब्रुक यांना १८७२ मध्ये ग्लॅडस्टन यांच्या लिबरल सरकारने पाठवले होते. १८७४ मध्ये डिझरायली यांचे कॉन्झर्व्हेटिव्ह सरकार आले आणि लॉर्ड सॉल्सबरी भारतमंत्री झाले. मल्हारराव दोषी आहेत असे नॉर्थब्रुक यांचे मत होते आणि त्याच पायावर त्यांना काढावे असे त्यांना वाटे. तीन विरुद्ध तीन असा निकाल आल्यावर त्या पायावर उभे राहणे धोक्याचे आहे हे सॉल्सबरी यांनी ओळखले आणि गैरकारभाराचे कारण पुढे केले. जाहीरनाम्यातील ती विचित्र भाषा या ओढाताणीतून आली आहे.

त्याच १८७५ च्या ऑगस्टमध्ये हेच दोघे कापडावरील जकातीवरून भिडले. विलायती कापडावर येथे पाच टक्के आयात जकात होती. लँकेशायरच्या गिरणीवाल्यांना ती नको होती, कारण मुंबईत गिरण्या उभ्या राहू लागल्या होत्या. नॉर्थब्रुक यांनी ती कायम ठेवली, सॉल्सबरी संतापले, आणि १८७६ मध्ये नॉर्थब्रुक मुदतीआधी परत गेले. १८८२ पर्यंत ती जकात पूर्ण उठली.

मुंबई सरकार आणि कलकत्त्याचे हिंदुस्थान सरकार यांच्यातील चढाओढही विसरू नये. बडोद्याची रेसिडेन्सी पूर्वीपासून मुंबईच्या अखत्यारीत होती आणि मुंबईचे गव्हर्नर वुडहाउस फेअर यांना सांभाळून घेत होते. या प्रकरणात कलकत्त्याने बडोदे मुंबईच्या हातून काढून स्वतःकडे घेतले. एका गादीवरून तीन ठिकाणी राजकारण चालले होते आणि त्यातल्या एकाही ठिकाणी पाटण किंवा पेटलादच्या शेतकऱ्याचा आकार हा चर्चेचा विषय नव्हता.

इंदूरकर

आमच्या इंदुरातही असाच प्रसंग पन्नास वर्षांनी आला. १२ जानेवारी १९२५ रोजी मुंबईच्या मलबार हिलवर अब्दुल कादर बावला यांचा खून झाला, मुमताज बेगम या नर्तकीला पळवण्याचा तो प्रयत्न होता, आणि आरोपींचे धागेदोरे होळकर दरबारापर्यंत पोहोचले. तुकोजीराव तिसरे यांच्यापुढे सरकारने दोन वाटा ठेवल्या: चौकशी कमिशनला सामोरे जा किंवा गादी सोडा. त्यांनी फेब्रुवारी १९२६ मध्ये पुत्र यशवंतरावांसाठी गादी सोडली.

मला वाटते, बडोद्याचा धडा दोन्ही पक्षांनी लक्षात ठेवला होता. कमिशन नेमले तर हिंदी सभासद काय म्हणतील याची खात्री नाही, हे सरकारला कळले होते. आणि कमिशनमध्ये सुटलो तरी गादी राहीलच याची खात्री नाही, हे संस्थानिकांना कळले होते. त्यामुळे इंदूरचे सत्य कधीच कोणापुढे तपासले गेले नाही. त्या मानाने बडोद्याच्या साक्षी निदान छापलेल्या आहेत.

रावपुरेकर

इंदूरकरांच्या लिखाणाने मला विचारात पाडले. साक्षी उघडपणे झाल्या म्हणूनच आपण आज वाद घालू शकतो, हे खरे आहे. तरीही माझे मत पूर्ण बदललेले नाही. मल्हारराव गेले हे चांगलेच झाले. ज्या रीतीने गेले ती रीत चुकीची होती, एवढे मी आता मान्य करते.

सयाजीरावांविषयी मात्र एक गोष्ट सांगावीशी वाटते. कवळाण्याच्या गोपाळराव नावाच्या बारा वर्षांच्या मुलाला २७ मे १८७५ रोजी जमनाबाईंनी दत्तक घेतले. तो पुढे इतका थोर निघाला म्हणून आपण मागची रीत बरोबर ठरवतो. तो सामान्य निघाला असता तर?

बडोदेकर (धागालेखक)

ताई, त्या दिवशी दांडिया बाजारात "सयाजीराव आले ना" म्हणणाऱ्या गृहस्थांना मी देऊ न शकलेले उत्तर आपण दिलेत.

सर्वांचे वाचून मी त्या मुलीला काल फोन केला. तिला सांगितले की गुन्हा सिद्ध झाला नाही, गैरकारभार सिद्ध झाला होता, पहिल्यासाठी पकडले आणि दुसऱ्यासाठी काढले. तिने लगेच विचारले, "मग शेतकऱ्यांचे पैसे परत मिळाले का?" एवढ्या वर्षांत मला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता आणि मलाही सुचला नव्हता. सर टी. माधवराव दिवाण म्हणून आल्यावर नजराण्याची पद्धत बंद झाली, इजारे (महसूल वसुलीचे मक्ते) मोडले, जमिनीचा आकार अनेक ठिकाणी खाली आला, एवढे मी तिला सांगू शकलो. वसूल झालेला नजराणा कोणत्या गावाला किती परत मिळाला, हे नाही.

म्हणून येथे एक विनंती करतो. कडी, पाटण, विसनगर, पेटलाद, नवसारी, अमरेली या भागांत ज्यांची जुनी घरे आहेत, पटेलकी, देसाईगिरी किंवा पेढी होती, त्यांनी कृपया जुन्या पेट्या आणि दप्तरे उघडून पाहावीत. संवत १९२७ ते १९३१ या काळातील नजराण्याची पावती, वसुलीचा तगादा, कमिशनला दिलेल्या अर्जाची नक्कल, काहीही निघाले तर त्याचा स्वच्छ फोटो येथे टाकावा. मोडी असेल तर मी वाचून देईन. जुनी गुजराती असेल तर तीही वाचून देणारे स्नेही माझ्याकडे आहेत. कागद फाटका असला तरी चालेल. गावाचे नाव आणि रक्कम दिसली म्हणजे पुरे.